हर्बल फीड सप्लिमेंटचा ब्रँड काढायचाय? आधी वजनकाटा घ्या



पोल्ट्रीच्या खर्चावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. "ताई, ब्रॉयलरसाठी हळद, लसूण, तुळस घालून हर्बल पावडर बनवायची आणि आपला ब्रँड काढायचा, तर चालेल का? मार्जिन किती सुटतं?" विचारणाऱ्यांत बदलापूरचा बी.एस्सी. झालेला मुलगा आहे, टिटवाळ्याच्या बचत गटातल्या दोघी आहेत, डोंबिवलीत आयुर्वेदिक औषधांचं दुकान चालवणारे एक काका आहेत. दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. हर्बल फीड सप्लिमेंट ही सरसकट थाप नाही. त्यातल्या काही घटकांचा खरोखर उपयोग होतो आणि मागणीही वाढणार आहे. पण नवख्या माणसाने दुसऱ्याच्या कारखान्यातून पावडर भरून घ्यायची, डब्यावर हिरवं पान आणि कोंबडा छापायचा आणि मुरबाड-शहापूरला विकायला निघायचं, हा या धंद्यात शिरायचा सगळ्यात महाग रस्ता आहे. या बाजारात पावडरींची कमी नाही. कमी आहे ती "यामुळे तुमच्या शेडमध्ये इतका फरक पडला" असं आकड्यांत दाखवणाऱ्या माणसाची. ते काम तुम्ही करू शकता आणि त्याला भांडवलही कमी लागतं.

मागणी आली कुठून ते आधी बघू. खाद्यात थोड्या मात्रेत अँटिबायोटिक घातलं की कोंबडी वेगाने वाढते, हे गेल्या शतकाच्या मध्यावर कळलं आणि पुढे कित्येक वर्षं जगभर तेच चालू राहिलं. त्याची दुसरी बाजू नंतर उघड झाली. रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की आतड्यातले जंतू निर्ढावतात आणि तेच जंतू पुढे माणसापर्यंत पोचतात. युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं. अमेरिकेत माणसांसाठी महत्त्वाच्या अँटिबायोटिकचा असा वापर २०१७ पासून थांबला. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूत बाकीची औषधं हरली की डॉक्टर शेवटी हात घालतात ते औषध. ते आपण कोंबडीचं वजन वाढवायला वापरत होतो. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयचे अंशांबाबतचे नियम आणखी कडक झालेत.

ही जी जागा रिकामी होत चाललीय, तिथे हर्बलवाले येतायत. आणि त्यांच्या पोतडीत आपल्या स्वयंपाकघरातलंच बरंच काही आहे. ओव्यातलं थायमॉल आणि दालचिनीचं तेल आतड्यातल्या काही जंतूंना आवरतं. लसणात अ‍ॅलिसिन, हळदीत कर्क्युमिन. पिंपळी-मिरीतलं पायपरिन दुसऱ्या घटकांचं शोषण वाढवतं. यकृताच्या टॉनिकमध्ये भुईआवळा, पुनर्नवा, कुटकी. उन्हाचा ताण, प्रतिकारशक्ती म्हटलं की अश्वगंधा, तुळस, गुळवेल, आवळा. यातल्या पुष्कळ वनस्पतींवर पशुवैद्यकीय महाविद्यालयांत प्रयोग झालेत. निकाल मात्र एकसारखे नाहीत. कुठे वजन वाढतं, कुठे काहीच फरक पडत नाही. एक गोष्ट अँटिबायोटिकच्या काळापासून दिसत आलीय: शेड स्वच्छ, गर्दी कमी, पाणी चांगलं असेल तर अशा गोष्टींचा फरक थोडा दिसतो, शेड गचाळ असेल तर जास्त दिसतो. म्हणजे ज्याच्याकडे तुमची पावडर सगळ्यात छान "चालते", त्याला बहुतेक पावडरपेक्षा झाडूची गरज जास्त असते. हे गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत आहे का, ते स्वतःला विचारून बघा.

आता हिशोब. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवताना पेनाच्या फॅक्टरीचं उदाहरण दिलं होतं. कोंबडीचं दिलं असतं तर जास्त लक्षात राहिलं असतं. हे घ्या.

हजार पिल्लांचा लॉट धरू. ४० दगावली, ९६० विकली, सरासरी वजन २.१ किलो. एकूण २,०१६ किलो जिवंत वजन. एफसीआर १.६५, म्हणजे एक किलो वजनाला १.६५ किलो खाद्य. (पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी: हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. ब्रॉयलरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा, साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे शेतकरी या आकड्यावर जगतो.) एकूण खाद्य लागलं ३,३२६ किलो. सप्लिमेंट टनाला अर्धा किलो या मात्रेने घातलं तर पावणेदोन किलोच्या आतच लागेल. हिशोबासाठी किंमत ५०० रुपये किलो धरा. लॉटचा खर्च ८३० रुपये. खाद्य ४२ रुपये किलो धरा. एफसीआर ०.०१ने सुधारला की वीस किलो खाद्य वाचतं, म्हणजे ८४० रुपयांच्या वर. खर्च वसूल! ०.०३ने सुधारला तर अडीच हजार वाचले, शेतकऱ्याच्या खिशात सतराशे जास्त पडले.

हे ऐकून सेल्समनचे डोळे चमकतात. "फक्त ०.०१! एवढं तर होणारच!" थांबा. ०.०१ म्हणजे एका कोंबडीने अख्ख्या आयुष्यात फक्त २१ ग्रॅम खाद्य कमी खाल्लं. मूठभरही नाही. आणि एकाच शेडमध्ये, एकाच माणसाच्या हाताखाली, या लॉटच्या आणि पुढच्या लॉटच्या एफसीआरमध्ये ०.०५चा फरक सहज पडतो. पिल्लं कुठल्या हॅचरीची, वयस्क मादीची की तरुण मादीची, मार्चचा लॉट की जुलैचा, मका कसा आला, दोन दिवस लाइट गेली की नाही, कशानेही पडतो. त्या गोंधळात तुमचा ०.०१ किंवा ०.०३ कुणालाही डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. शेतकऱ्यालाही नाही, तुम्हालाही नाही.

त्यामुळे होतं काय, की लॉट चांगला गेला तर श्रेय पावडरला, वाईट गेला तर खापरही पावडरवर. "दादा, पिसं बघा कशी चमकतायत, पायाचा पिवळेपणा बघा." चमक दिसते, नाही कशाला म्हणू? पण चमक काट्यावर चढत नाही. दोन लॉट चांगले जातात, तिसऱ्याला सर्दी-घरघर लागते, चौथ्यापासून शेतकरी तुमचा फोन उचलत नाही. मी दुकानात असे डबे येताना बघितलेत आणि धूळ खाताना पण बघितलेत.

तुमच्या बाजूचा हिशोबही करून टाकू. किलोमागे तुम्हाला २५० रुपये सुटतात असं उदार मनाने धरलं तर हजार पक्ष्यांच्या लॉटमागे तुमचे साधारण ४१५ रुपये. सहा आठवडे लॉट, दोनेक आठवडे साफसफाई, म्हणजे वर्षाला सहा लॉट. हजार पक्ष्यांच्या क्षमतेमागे वर्षाला अडीच हजाराच्या आत. महिना २५,००० कमवायचे असतील तर एक लाख वीस हजार पक्ष्यांची क्षमता असलेले शेतकरी हवेत, आणि त्यांनी प्रत्येक लॉटला न चुकता तुमचाच माल घ्यायला हवा. पेट्रोल, फुकट दिलेले नमुने, बुडालेली उधारी यात धरलेलीच नाही.

आणि हे शेतकरी आहेत कुठे? ही गोष्ट नवख्यांना सगळ्यात उशिरा कळते. कल्याणच्या बाहेर पडलं की मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावांत शेड भरपूर दिसतात. पण त्यातल्या बऱ्याच शेडमधली कोंबडी शेतकऱ्याची नसतेच. करार पोल्ट्री. कोईमतूरकडे सुरू होऊन ही पद्धत सगळीकडे पसरली. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, लस आणि औषध कंपनीचं, डॉक्टर-सुपरवायझर कंपनीचा. शेतकऱ्याची शेड, पाणी, लाइट, तूस आणि मेहनत. त्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. वेंकीज, सुगुणा, बारामती अ‍ॅग्रो ही नावं तुम्ही ऐकली असतील. अशा शेडमध्ये बाहेरचं काही द्यायचं नाही असं करारातच असतं, आणि ते बरोबरही आहे, कारण उद्या पक्ष्यात काही निघालं तर जबाबदार कंपनी. एफसीआर सुधारला तर वाचलेलं खाद्यही कंपनीचंच. शेतकऱ्याला मिळाला तर थोडा बोनस. तो ८३० रुपये कशाला घालेल?

कंपनीलाच विकू म्हणाल, तर तिथे बंगळुरूची नॅचरल रेमेडीज, सहारनपूरची इंडियन हर्ब्स, आयुर्वेट, हिमालया असे लोक आधीच बसलेत. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, फिरतीवर पशुवैद्य आहेत, टनाने माल आहे. तुमचा दोनशे किलोचा पहिला स्टॉक तिथे दारातून आत जाणार नाही.

मग उरले कोण? पिल्लू आणि खाद्य स्वतःच्या पैशाने घेणारे पाचशे ते दोन-तीन हजार पक्ष्यांचे स्वतंत्र शेतकरी, आणि गिरिराज, वनराज किंवा गावरान पाळणारे. ही मंडळी तुमचं खरं गिऱ्हाईक. स्वतः निर्णय घेतात, नफा-तोटा स्वतःचा असतो. गावरानवाल्यांना तर "काय खायला घातलं" हे बदलापूर-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला सांगूनच दर मिळतो. पण ही मंडळी विखुरलेली आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात अर्धा दिवस जातो.

शिवाय त्यांच्या हातात पावडर देऊन भागत नाही. स्वतंत्र शेतकरी बहुतेक वेळा तयार दाणेदार खाद्याची गोणी आणतो: प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर. तीन टन दाण्यात दीड-पावणेदोन किलो पावडर तो एकसारखी मिसळणार कशी? फावड्याने वरवर ढवळली तर निम्मी गोणीच्या तळाशी जाते. पाण्यात घालावी तर निपल चोंदतात, टाकीच्या तळाला गाळ बसतो, दोन दिवसांनी पाण्याला वास. म्हणून पाण्यातून द्यायचं लिक्विड जास्त खपतं, पण त्यात तुम्ही पाणी आणि बाटली वाहून नेता आणि भाडं वाढतं. खाद्य कारखान्यातच मिसळायचं म्हटलं तर दाणे पाडताना वाफ देतात, त्या उष्णतेत ओव्याचं, दालचिनीचं तेल उडून जाऊ शकतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी तेलाला बारीक आवरण देतात. थर्ड पार्टीवाल्याला हे विचारून बघा. "मॅडम, सगळं नॅचरल आहे" एवढंच उत्तर आलं तर समजून जा.

कच्च्या मालाचंही तसंच. हळद म्हटलं की हळद नाही. सांगलीची, हिंगोलीकडची, एखाद्या वर्षी पाऊस लागलेली, प्रत्येकीत कर्क्युमिन वेगळं. अर्क काढून उरलेला हळदीचा चोथासुद्धा बाजारात स्वस्तात फिरतो, रंगाला पिवळाच असतो. आज आणलेल्या डब्यात आणि सहा महिन्यांनी आणलेल्या डब्यात तेच आणि तेवढंच आहे, याचा प्रयोगशाळेचा कागद बॅच नंबरसह मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. कागद मागितल्यावर ज्यांचा सूर बदलतो असे दोन-तीन पुरवठादार मी स्वतः बघितलेत.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ठाणे जिल्ह्यात हा धंदा पावसावर अडतो. जुलैत शेडमध्ये ओल, खाली तुसाचा चिखल होऊन पापुद्रे धरतात, पडदे लावून ठेवल्यामुळे हवा कोंडते, अमोनिया चढतो. त्यातून रक्ती हगवण, त्यातून श्वासाचा त्रास. मका दमट झाला की बुरशी, बुरशीचं विष यकृतावर. अशा वेळी शेतकरी दुकानात येतो आणि म्हणतो, "ताई, काहीतरी हर्बल द्या, स्ट्राँग असलेलं." विक्रीला याहून सोपा दिवस नाही. मी त्याला आधी विचारते, शेडमध्ये खाली उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन कधी वास घेतलाय का? आपण उभे असतो तिथे वास कमी येतो, तिला चोवीस तास त्यातच राहायचं असतं. डोळे चुरचुरले तर आधी तूस उलथा, चुना मारा, ड्रिंकरची गळती बंद करा, दिवसा पडदे वरून उघडा. खाद्याच्या गोण्या भिंतीपासून लांब, फळ्यांवर. हे केल्यावर लिव्हर टॉनिक द्यायचं तर द्या. न करता दिलं तर पैसे तुसात गेले. यात माझी त्या दिवसाची विक्री थोडी कमी होते. पण तोच शेतकरी ड्रिंकर, चुना, पडद्याची दोरी माझ्याकडूनच घेतो आणि पुढच्या लॉटला परत येतो.

आजाराच्या दाव्यांबाबत मात्र मी जराही सैल नाही. राणीखेत आणि गंबोरोला लस आहे. पहिली साधारण पाचव्या-सातव्या दिवशी, दुसरी बाराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमाराला, डॉक्टर सांगेल त्या वेळापत्रकाने. कुठलाही काढा तिची जागा घेत नाही. बर्ड फ्लूचं तर नावच काढू नका. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशात पहिल्यांदा तो कोंबड्यांत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका फार्मवर शंभरेक पक्षी मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिसरातले सुमारे २५,००० पक्षी मारावे लागले. त्यात कुणी हळद घातली होती की नाही याने काही फरक पडणार नव्हता. पक्षी अचानक मरायला लागले तर पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करायचा. तुमच्या डब्यामुळे त्या फोनला दोन दिवस उशीर झाला तर नुकसान एका शेडचं राहत नाही, आजूबाजूच्या सगळ्या गावाचं होतं.

कायद्याच्या बाजूनेही हाच मुद्दा आहे. डब्यावर "खाद्यपूरक" लिहिलं तर एक गोष्ट. "रोग बरा करतो", "रोग टाळतो" लिहिलं की ते औषध झालं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातल्या आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांचे रोगही येतात. म्हणजे बनवणाऱ्याकडे त्याचा परवाना हवा, आणि तो तुमच्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तपासता येतो. ट्रेडमार्कलाही पशुखाद्य ३१व्या वर्गात, पशुवैद्यकीय औषध पाचव्या वर्गात. जीएसटीचा दरसुद्धा माल कशात मोडतो त्यावर ठरतो. सीएला नुसतं नाव सांगू नका, लेबल नेऊन दाखवा. यातलं काहीही डबे छापण्याआधी करायचं. छापल्यावर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

चिकनच्या दुकानाचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी एक आडवी गोष्ट. डोंबिवलीत "हर्बल चिकन, हार्मोन-फ्री, अँटिबायोटिक-फ्री" असा बोर्ड लावायचा मोह होतो. ब्रॉयलरला हार्मोन देतच नाहीत. तो वेगाने वाढतो ते निवडक पैदास आणि खाद्यामुळे, तेव्हा "हार्मोन-फ्री" म्हणून जास्त दर लावणं म्हणजे बिनदाण्याच्या केळ्याला जास्त पैसे मागण्यासारखं आहे. अँटिबायोटिक-फ्री म्हणायचं तर मांसाची तपासणी आणि लॉटची औषध-नोंद हातात हवी. हळद खायला घातली म्हणून दिलेलं औषध आपोआप गायब होत नाही. आजारी पक्ष्याला डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं तर ते चुकीचं नाही. औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंत लेबलवर सांगितलेले दिवस पाळायचे, एवढंच. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. बोर्ड रंगवण्याआधी ते वाचा.

उधारीचं थोडक्यात सांगते. या धंद्यात पैसे लॉट उचलल्यावर मिळतात. गटारीला दर चढतो, श्रावण लागला की कल्याण-डोंबिवलीची अर्धी घरं चिकन बंद करतात, मग गणपती, नवरात्र, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार. दर पडला की शेतकरी आधी खाद्यवाल्याचे पैसे देतो, मग पिल्लाचे, मग मजुराचे. हर्बलवाल्याचा नंबर शेवटी. सोनं गहाण ठेवून मे-जूनमध्ये स्टॉक भरलात तर ऑगस्टमध्ये हप्ता कुठून भरणार, ते आत्ताच कागदावर लिहा.

मग मी काय करीन? समजा हातात लाखभर रुपये आहेत आणि एक दुचाकी. ब्रँड काढणार नाही. एखाद्या प्रस्थापित कंपनीचं, बॅचची कागदपत्रं असलेलं एकच उत्पादन डीलर दराने थोडंसं घेईन. एकच, दहा नाहीत. हजार-बाराशेचा डिजिटल काटा, एक वही, थोडी जाळी. टिटवाळा-मुरबाड पट्ट्यातले तीन स्वतंत्र शेतकरी गाठीन आणि त्यांना सांगीन: तुमच्या शेडचे जाळी लावून दोन भाग करू. पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची, दोन्हीकडे मोजून सारखी. खाद्य तेच. पाण्याची टाकी मात्र वेगळी, म्हणजे एका बाजूला सप्लिमेंट जाईल, दुसऱ्या बाजूला साधं पाणी. प्रत्येक बाजूला गेलेली गोणी आणि मेलेला पक्षी रोज वहीत. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी काट्यावर. पुढच्या लॉटला बाजू बदलायच्या, कारण शेडची वाऱ्याकडची बाजू नेहमीच जरा बरी चालते आणि तिचं श्रेय पावडर घेऊन जाते. तीन शेड, तीन लॉट, सहा महिने.

या सहा महिन्यांत दोनपैकी एक होईल. सातपेक्षा जास्त वेळा सप्लिमेंटची बाजू पुढे राहिली, खर्च वजा जाता पैसे उरले, तर तुमच्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या, आपल्या पावसातल्या, आपल्या तुसावरच्या शेडचे आकडे आहेत. असे आकडे घेऊन तुम्ही शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलात तर सहारनपूरच्या कंपनीचा सेल्समनसुद्धा तुमच्याइतका वजनदार बोलू शकणार नाही. उलट तीच कंपनी तुम्हाला तालुका डीलरशिप देईल. फरक नाही निघाला, तर तुमचे दोन लाखांचे डबे वाचले, आणि तीन शेतकऱ्यांना आठवड्याचं वजन आणि रोजची नोंद ठेवायची सवय लागली. ही नोंद ठेवून देण्याचे लॉटमागे पैसे घेता येतात. गावरानवाल्याला तर तीच वही शहरातल्या गिऱ्हाइकाला दाखवायला उपयोगी पडते. लोक सल्ल्याला पैसे देत नाहीत हे खरंय, पण त्यांचं खाद्य नक्की कुठे मुरतंय ते आकड्यात दाखवलं की देतात.

"सहा महिने थांबायला वेळ कुणाकडे आहे, तोवर दुसरा कोणी ब्रँड काढेल," असं टिटवाळ्याच्या ताई म्हणाल्या. काढू दे. तो ज्यांना विकेल तेच शेतकरी तिसऱ्या लॉटनंतर विचारणार आहेत की याचा खरंच उपयोग होतो का, आणि तेव्हा मोजलेली वही कुणाकडे आहे ते महत्त्वाचं ठरेल. प्रशिक्षण हवं असेल तर गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाऊन प्रश्न विचारा. तिथले लोक व्हिडिओवाल्यांपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षाही, जास्त जाणतात.

ज्यांना शेडचे दोन भाग करून बघायचंय त्यांच्यासाठी लॉटच्या नोंदीचा कोरा तक्ता पुढच्या व्हिडिओबरोबर देते. तोवर एवढं करा. नवीन पिल्लं येतील त्या दिवशी खोक्यातली पन्नास काट्यावर घ्या आणि सरासरी लिहून ठेवा. मग सातव्या दिवशी सकाळी, खाद्य घालायच्या आधी, शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून मिळून पन्नास पकडा. हाताला सहज लागतील ती धरू नका, ती बहुतेक अशक्तच असतात. सरासरी पहिल्या दिवसाच्या चौपट किंवा त्याहून जास्त भरायला हवी. भरली नाही तर सप्लिमेंट बाजूला ठेवा आणि ब्रूडिंगची उष्णता, पाणी आणि पहिल्या दिवसाचं खाद्य कुठे कमी पडलं ते आधी शोधा.